कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वीस बैठका

तिसरी_शिट्टी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

जिमचे पैसे मी आजवर तीनदा बुडवलेत. पहिल्यांदा सहा महिन्यांचे, मग तीन महिन्यांचे, आणि तिसऱ्यांदा ‘दोघींनी भरले तर सवलत’ म्हणून मैत्रिणीलाही सोबत घेऊन. त्यामुळे ‘रोज पाऊण तास काढ गं स्वतःसाठी’ असं कुणी म्हटलं की हसूच येतं. डोंबिवली ते फोर्ट, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, जाऊन-येऊन साडेतीन तास. पहाटे साडेपाचला उठून तीन डबे, मुलीची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या. पाऊण तास काढायचा तर झोपेतूनच काढावा लागेल, आणि तिथे आधीच उधारी आहे.

गेल्या पावसाळ्यात एकदा गाडी पकडायला पुलाच्या पायऱ्या धावत चढले. गाडी मिळाली, नशिबाने चौथी सीटही मिळाली, पण मुंब्रा मागे पडलं तरी धाप थांबेना. समोरच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. वय ४३. त्या दिवशी जरा घाबरले.

सप्टेंबरपासून एकच केलं. व्यायामाला वेळ ठरवायची नाही, निमित्त ठरवायचं. रोज आपोआप घडणारी गोष्ट धरायची आणि तिच्या शेपटाला अर्ध्या-एका मिनिटाचा व्यायाम बांधायचा.

कुकर लावला की पहिली शिट्टी व्हायला सात-आठ मिनिटं जातात. तेवढ्यात ओट्याला हात टेकून दहा जोर. (ओट्यावरचे. जमिनीवरचे मला आजही जमत नाहीत.) दुसऱ्या शिट्टीला दहा बैठका, तिसरीला दहा, आणि गॅस बंद. दात घासताना एका पायावर उभं राहायचं: वरचे दात डाव्या पायावर, खालचे उजव्या. गाडीत उभी असले तर कळवा ते ठाणे टाचा वर-खाली. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट सोडली. जेवणानंतर जुन्या फायलींच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं अर्धा मिनिट. तिथे फक्त शिपाई येतो आणि त्याला आता सवय झालीय.

हिशोब ठेवायला ओट्यावर दोन वाट्या. सकाळी डावीकडच्या वाटीत दहा चिंचोके. व्यायामाचा एक तुकडा झाला की एक चिंचोका उजवीकडे. बाहेर केलेले संध्याकाळी येऊन टाकते. ॲप वापरून पाहिलं होतं, पण कणकेच्या हाताने फोन उघडत नाही.

चार महिन्यांत वजन दीड किलो उतरलंय, पण त्यातलं निम्मं श्रेय नवरात्राच्या उपवासांचं असावं. (उपवासात साबुदाणा खाऊन वजन उतरवणारी मी एकटीच.) खरा फरक दोन ठिकाणी दिसतो. पूल आता एका दमात चढते. आणि ओट्यावर पहिल्या दिवशी चार जोर झाले होते, आता पलंगाच्या कडेवर बारा होतात.

प्रश्न दोन. हा व्यायाम म्हणायचा का? आणि पाठीसाठी काय करायचं? सासूबाई (वय ७४) या सगळ्याला ‘चाळे’ म्हणतात, ते मत मोजू नये.

मोडका_वाडा | १२ जानेवारी, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. व्यायाम सोमवारपासून.

(आज सोमवारच आहे, हे लक्षात आलंय. पुढच्या.)

लाल_माती | १३ जानेवारी, सकाळी ६:१५

ताई, राग मानू नका, पण याला आमच्याकडं आळस झटकणं म्हणतात. कोल्हापुरात तालमीत होतो सात वर्षं. पहाटे चारला उठायचं, आधी आखाडा उकरायचा. हळद, तेल, लिंबू, ताक घालून मळलेली माती, ती खोऱ्यानं ओढतानाच खांदे भरून यायचे. मग जोर, मग बैठका. जमिनीवर घामानं अंगाचा ठसा उमटला की वस्ताद बघायचे, नाहीतर ‘अजून शंभर’. पोरं हजार हजार बैठका मारायची. दहा बैठका म्हणजे आमच्यात बुटाची नाडी बांधणं.

व्यायामाला जागा लागते, वेळ लागते, शिस्त लागते. भाताच्या वासात व्यायाम होत नाही.

सांधेजोड | १३ जानेवारी, दुपारी १:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे लाल_माती दादांसारखी माणसं मला पन्नाशीत भेटतात, खांदा धरून. :)

हा व्यायाम आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत एक अट होती, की हालचाल सलग किमान १० मिनिटं झाली तरच धरायची. २०२० च्या शिफारशींत ती अट काढली. आता आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारी हालचाल, ती कितीही तुकड्यांत चालते. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. तुमचे जोर-बैठका या दुसऱ्या खात्यात जातात, आणि आपल्याकडे ‘मी रोज चालतो’ म्हणणाऱ्यांचं नेमकं तेच खातं रिकामं असतं.

२०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमधले २५ हजारांहून जास्त लोक, वेगळा व्यायाम अजिबात न करणारे. मनगटावर यंत्र बांधून त्यांची हालचाल मोजली आणि पुढे जवळपास सात वर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद पाहिली. दिवसातून तीनेक वेळा एक-दोन मिनिटं दम लागेल असं काही करणाऱ्यांत (जिना झपाट्यानं चढणं, सामान घेऊन भरभर चालणं) मृत्यूचं प्रमाण तसं अजिबात न करणाऱ्यांपेक्षा जवळपास ४० टक्के कमी होतं. आता यात एक मेख आहे. ही नुसती पाहणी होती. मुळात धडधाकट असणारेच जिने धावत चढतात, असंही असू शकतं. आकडेमोडीत ते वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. त्यामुळे ‘तीन मिनिटांत आयुष्य वाढवा’ छाप फॉरवर्ड पाठवू नका. दिशा मात्र बरोबर आहे.

पाठीचा प्रश्न फार योग्य विचारलात. अंगाच्या वजनाने घरात करायच्या व्यायामात ढकलणं भरपूर असतं, ओढणं नसतंच. दिवसभर कीबोर्डवर वाकलेले खांदे, त्यात फक्त जोर मारत राहिलं तर ते आणखी पुढे ओढल्यासारखे होतात. उपाय साधा आहे. जुन्या पंचाच्या एका टोकाला जाड गाठ मारा. ती गाठ दाराच्या वरच्या बाजूला पलीकडे टाकून दार बंद करा. दार आपल्या अंगाकडे ओढलं की घट्ट बसणारं हवं, म्हणजे पलीकडे उघडणारं, आणि कडी लावलेली. आता पंचा दोन्ही हातांनी धरून, टाचा दाराजवळ ठेवून मागे रेला आणि छाती दाराकडे ओढा. कोपरं बरगड्यांना घासून मागे गेली पाहिजेत. पाय जितके दाराजवळ तितकं जड. आधी हळूच रेलून दार आणि गाठ दोन्ही तपासा.

सासूबाईंसाठी: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईंना दहापेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी पडतेय आणि पडण्याची भीती जास्त, असं आम्ही धरतो. शेजारी कुणीतरी उभं राहा. चाळे म्हणून करून घ्या, तपासणी म्हणू नका.

निम्मा_कप | १३ जानेवारी, दुपारी ३:१०

हिंजवडीतून हजेरी. माझी कहाणी सावधगिरीची आहे.

गेल्या वर्षी असंच काहीतरी वाचून मी ठरवलं की दर तासाला पन्नास बैठका. पहिल्याच दिवशी. दहा ते सहा, जेवणाचा तास सोडून, म्हणजे साडेतीनशे. घरून काम होतं, कॅमेरा बंद, कुणी बघत नाही. संध्याकाळी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला फोन करून आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या. तिसऱ्या दिवशी तर कमोडवर बसताना टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून खाली उतरावं लागलं, आणि ती दांडी भिंतीतून निघाली. सोसायटीचे दोन मजले पाठमोरा उतरलो, कारण सरळ उतरलं की गुडघे आपसूक मुडपत. मग तीन महिने काहीच केलं नाही.

आता तासाला आठ. आठ म्हणजे आठच, कितीही जोर आला तरी. सुरुवातीला मला एका दमात पंचवीस जमायच्या, म्हणजे एक तृतीयांशावर थांबायचो. गंमत म्हणजे या रडतखडत पद्धतीनं पंचवीसचे चाळीस झाले.

अजून एक तक्रार. मनगटावरचं घड्याळ बैठका मोजतच नाही. चाळीस बैठका मारून खाली पाहिलं तर म्हणतं, ‘बराच वेळ बसून आहात, उठा.’ चिंचोक्यांची आयडिया ढापतोय. चिंचोके नाहीत, राजमा चालेल ना?

लाल_माती | १३ जानेवारी, दुपारी ३:४०

साडेतीनशे पहिल्या दिवशी? वस्तादांनी कानफटात दिली असती. नव्या पोराला आम्ही पहिला आठवडा पंचवीसच्या वर जाऊ देत नव्हतो.

निम्मा_कप | १३ जानेवारी, दुपारी ३:४४

मग दहा बैठकांना नाडी बांधणं का म्हणता हो दादा?

कडेलोट_७१ | १३ जानेवारी, सायंकाळी ५:२०

लाल_माती यांस: घामाचा ठसा उमटेपर्यंत करावं हे पैलवानाचं शास्त्र झालं. सुश्रुतांनी व्यायाम अर्ध्या शक्तीनंच करावा असं सांगितलंय आणि त्यापलीकडे तो घातक ठरतो असंही बजावलंय. निम्मा_कप आठवर थांबतात ते त्याच परंपरेत बसतं.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या औंध संस्थानच्या बाजूला सूर्यनमस्कार हा तुकड्याचाच व्यायाम होता. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तो शाळाशाळांतून नेला, शंभर वर्षं होत आली. एक नमस्कार शांतपणे घातला तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. बारा घालायचे तर सहा मिनिटं. मी ते चार-चार-चार करतो: उठल्यावर, अंघोळीआधी, दिवेलागणीला. पाठ, मनगट, पोटऱ्या सगळं त्यात येतं. मात्र ‘ओढणं’ त्यातही नाही, हे सांधेजोड यांचं वाचून आज प्रथमच लक्षात आलं. साठ वर्षं घालतोय.

इसारकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:१५ (तुमच्याकडे मध्यरात्र उलटलीय)

म्युनिकहून. थंडीत इथे साडेचारला अंधार, बाहेर पळायची इच्छा शून्य. मी ते चार मिनिटांचं जपानी प्रकरण सुरू केलं, २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद विश्रांती, आठ वेळा. उड्या, जागच्या जागी धावणं वगैरे. इमारत जुनी, लाकडी जमीन. दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली. इथे रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज करायचा नाही असा दंडक आहे. मी रविवारी सकाळी उड्या मारत होतो. चिठ्ठी अत्यंत नम्र होती, त्यामुळे जास्त लागली.

मग जरा खोलात वाचलं. तबाता यांचा १९९६ चा मूळ प्रयोग सायकलच्या यंत्रावर होता, आणि तो वेग इतका भयानक की सात-आठ फेऱ्यांत माणूस संपतो. आपण दिवाणखान्यात करतो ते फक्त घड्याळ त्यांचं घेतलेलं असतं. आता उड्या बंद. त्याऐवजी हळू बैठका: खाली जाताना चार आकडे, तळाशी दोन, वर एक. दहाच्या ऐवजी सहातच मांड्या थरथरतात आणि आजींना पत्ता लागत नाही. आता जिन्यात भेटल्या की हसतात.

दाराच्या चौकटीत अडकवायचा लोंबकळायचा दांडा कुणी घेणार असाल तर स्क्रूवाला घ्या. नुसता दाबून बसवायचा होता माझा, रबरी टोकांचा. तिसऱ्या दिवशी माझ्यासकट खाली आला. माकडहाड कुठे असतं ते नीट कळलं.

नाडीपरीक्षा | १४ जानेवारी, सकाळी ७:५०

तिळगूळ घ्या, गोड बोला. डॉक्टर म्हणून थोडं.

तिसरी_शिट्टी, तुम्ही भिंतीला टेकून जे करता ते रक्तदाबवाल्यांसाठी फार कामाचं आहे. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने २७० चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. त्यात विश्रांतीचा रक्तदाब उतरवण्यात असे न हलता धरून ठेवायचे व्यायाम पहिले आले. सरासरी वरचा आकडा ८ ने, खालचा ४ ने उतरला. नेहमीची पद्धत म्हणजे दोन मिनिटं धरायचं, मध्ये थोडी विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दोन मिनिटं एकदम होणार नाहीत. जरा उंच बसा, मांड्या जमिनीला समांतर आल्याच पाहिजेत असं नाही. वीस सेकंदांपासून सुरुवात करा.

आणि श्वास कोंडू नका. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी गाल फुगवून लाल होऊन दाखवतं. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब उसळतो. युक्ती सोपी: मोठ्याने आकडे मोजा. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, अलीकडे डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. (दर धाग्यावर एक जण करतोच.)

साखरवाल्यांसाठी: स्नायू आकसला की तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. २०२४ मध्ये एक छोटा चिनी अभ्यास आला, साडेआठ तास बसवून ठेवलेल्या जाड्या पुरुषांवर. दर ४५ मिनिटांनी उठून दहा बैठका काढल्या तर एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा साखर जास्त आटोक्यात राहिली. माणसं अठराच आणि सगळे पुरुष, त्यामुळे पोथीसारखं मानू नका, पण निम्मा_कप यांच्या आठ बैठका नेमक्या त्याच जागी बसतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या असणाऱ्यांनी सुरुवातीचे दिवस साखर मोजत राहा, खिशात काहीतरी गोड ठेवा. आज तरी ते शोधावं लागणार नाही.

मोडका_वाडा | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

तिळाच्या सहा वड्यांमागे किती बैठका ते कुणी सांगेल काय? चार जास्त झाल्यात.

सांधेजोड | १४ जानेवारी, सकाळी ९:५५

त्या वाटेला जाऊ नका, वाडेकर. बैठकांनी वडी वसूल करायला गेलात तर संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

लाल_माती | १६ जानेवारी, रात्री ९:१०

माझं आता खताचं दुकान आहे. वय ४८. परवा निम्मा_कप यांनी टोकलं ते लागलं म्हणून काल दुकान बंद करून गोदामात जोर काढून बघितले. तालीम सुटून बावीस वर्षं झाली. चौदाव्याला हात लटपटले आणि सोळाव्याला छाती पोत्यावर. आकडा कुणाला सांगणार नव्हतो, पण इथं नाव कुणाला माहीत नाही.

व्यायाम नाहीच म्हणणार मी याला. पण गिऱ्हाईक गेलं की पाच जोर, असं आज केलं. दिवसात साठ झाले. मनगटं दुखत होती म्हणून दोन विटा ठेवल्या, त्यावर पंजा, म्हणजे मनगट मोडत नाही. तालमीतही तसंच करायचो.

ताई, जमिनीवरचा जोर जमत नाही म्हणालात. तुम्ही वर यायची घाई करताय, खाली जायला शिका. पलंगाच्या कडेवरून उतरा आता. पाटावर हात ठेवून नुसतं खाली जा, पाच आकडे मोजत, छाती टेकली की गुडघे टेकून उठा. वर ढकलायचंच नाही. असे तीन-तीन, दिवसातून चार वेळा. तीन आठवड्यांनी सांगा. कंबर खाली लोंबू द्यायची नाही, त्यावर वस्ताद काठी ठेवायचे.

तिसरी_शिट्टी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

उशिरा आले, मार्च जवळ आला की आमच्याकडे बँकेत श्वास घ्यायला फुरसत नसते. (कोंडत नाहीये, डॉक्टर.)

लाल_माती दादा, जमिनीवर दोन झाले. दोनच, दुसऱ्याला कंबर लोंबली, पण मुलीने व्हिडिओ काढलाय, पुरावा आहे. पाट वापरला, पूजेचा नाही, जेवायचा. विटा शोधतेय, सोसायटीत काम चालू आहे तिथून दोन मागितल्या तर सेक्रेटरीने कशाला हव्यात म्हणून फॉर्म भरायला लावला.

पंचा फाटला. जुना म्हणजे खरंच जुना घेतला होता. आता सोलापुरी चादर आहे, ती हलत नाही. पाठ पहिल्यांदाच संध्याकाळी आखडत नाही. शेवटची शिट्टी आता चादरीला दिलीय, त्यामुळे भात दोनदा गिचका झाला.

सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. सात वेळा उठल्या. ‘दहा व्हायला पाहिजेत म्हणे’ असं मी बोलून गेले, तर चष्मा पुसत म्हणाल्या, कुणी ठरवलं? परत बसल्या नाहीत. विषय संपला असं धरलं होतं.

पण गेला आठवडाभर माझा हिशोब चुकतोय. काल मी मोजून नऊ टाकले होते, रात्री उजवीकडच्या वाटीत चौदा चिंचोके निघाले. चिंचोक्यांचा डबा त्यांच्या खोलीत असतो.